बागेकडच्या दाराची मूठ

“हातोडा आणलाय का?” रिक्षातून उतरता उतरताच एस्तेरबाईंनी विचारलं.

मी माझी पिशवी उघडून दाखवली. स्क्रू-ड्रायव्हर, रॉकेलची बाटली, बनियनची चिंधी, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं. काचेच्या मुठी काढायला निघालेला माणूस हातोडा कशाला आणेल?

“मुठी तुमच्या, दार माझं. असंच ठरलंय ना?” त्यांनी विचारलं.

“असंच ठरलंय. आणि फोडायला मुकादमाची माणसं आहेत की. त्यांच्याकडे घण असेल.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि छत्री टेकवत फाटकातून आत शिरल्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, सत्तरीच्या घरातलं वय. पण पाठ ताठ. सोलापूरला उभी हयात नर्सिंग शिकवण्यात गेलेली बाई. माझ्यासारख्या वीज मंडळातल्या कारकुनाला त्यांच्यासमोर उगीचच शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटायचं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हा मला जुन्या दारांच्या काचेच्या मुठींचं वेड होतं. नुसता नाद नव्हे, वेडच. कोणाला नाण्यांचा नाद असतो, कोणाला तिकिटांचा. मला कुठे जुना बंगला पडतोय असं कळलं की रात्री झोप यायची नाही. पैलूदार मुठी, आत बुडबुडे अडकलेल्या मुठी, पितळी चकत्या, बिजागऱ्या, खिडक्यांचे आकडे, सगळं मी घरी आणून रांगोळीनं घासत बसायचो. आमची शालन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्या घराला दारं चार आणि मुठी ढीगभर. यांना म्हणावं, आता एखादं घर बांधा त्या मुठींना.” तिचं काही चुकत नव्हतं. आमच्या भाड्याच्या घराच्या दारांना पत्र्याच्या कड्या होत्या.

नगरकडच्या एका गावातला मिशनच्या दवाखान्याचा डॉक्टर-बंगला पाडणार, अशी बातमी मला लागली. गावाचं नाव सांगत नाही, त्यात कोणाचा फायदा नाही. मी तडक ट्रस्टच्या लोकांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, “तिथे तीस वर्षं डॉक्टर रणभिसे राहिले. त्यांची मुलगी हयात आहे. तिला हवं ते तिनं आधी न्यावं, मग उरलेलं तुम्ही घ्या.” म्हणून मी सोलापूरला गेलो. एस्तेरबाईंनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सगळ्या मुठी घेऊन जा. मला त्या घरातलं काही नको. फक्त मला तिथे न्या. बागेकडचं एक दार आहे, ते माझ्या डोळ्यांदेखत फोडायचं. सरपण करायचं त्याचं.”

कारण विचारायची माझी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर फार उत्सुकताही नव्हती. मला मुठी मिळाल्या होत्या.

बंगल्याचं छप्पर उतरवून झालं होतं, मागच्या व्हरांड्यावरचं तेवढं राहिलं होतं. अंकुश नावाचा मुकादम आणि त्याची चार माणसं कौलं रचत होती. डोक्यावर उघडं आभाळ आणि चहूबाजूंनी खोल्या. अशा घरातून चालताना आपण आगंतुक आहोत असं वाटत राहतं. एस्तेरबाई मात्र सरळ चालत गेल्या. ही बैठकीची खोली, इथे पपांचं टेबल, ही आईची खोली, असं म्हणत. पण एखाद्या परिचारिकेनं वॉर्ड दाखवावा तसं, कोरडं. आई त्यांच्या मॅट्रिकच्या वर्षीच गेली होती. मग त्या घरात बाप आणि लेक, दोघंच.

मी समोरच्या दारापासून सुरुवात केली. मुठीच्या मानेत एक बारीक स्क्रू असतो. त्यात रॉकेल सोडायचं, थोडं थांबायचं, मग हलक्या हातानं सोडवायचा. मूठ हातात येते आणि तिच्यामागून चौकोनी गज निघतो. तो गज दारातून आरपार गेलेला असतो, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला दुसरी मूठ.

दोन्ही मुठी मी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक पाण्यासारखी स्वच्छ, दुसरीत अगदी फिकट जांभळी झाक.

“जोडी जमलेली नाही,” एस्तेरबाई म्हणाल्या.

इथे मला राहवेना. हा माझा आवडता विषय. पाहुण्यांना चहा यायच्या आधी मी हेच सांगत असे.

“जमलेलीच आहे बाई. एकाच भट्टीतली काच आहे. पूर्वी काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात एक खनिज घालत. पण अशा काचेनं वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की ती हळूहळू जांभळी होते. ही बाहेरची मूठ, हिला सकाळचं थोडं ऊन मिळालं. ही आतली, सावलीतली. म्हणून कोरी राहिली.”

त्यांनी दोन्ही मुठी हातात घेऊन आभाळाकडे धरल्या. शिकवणाऱ्या माणसाला नवीन काही कळलं की त्याचा चेहरा उजळतो, तसा त्यांचा उजळला. त्या दिवसात तेवढंच एकदा.

“म्हणजे ऊन काचेत मुरतं.”

“मुरतं, आणि परत जात नाही. माणसं खोटं बोलतील, काच नाही बोलणार. कुठल्या मुठीनं किती ऊन पाहिलं ते मी बघून सांगू शकतो.”

“मग तुम्हाला सांगून ठेवते,” त्या मुठी खाली ठेवत म्हणाल्या. “बागेकडच्या दाराच्या आतल्या मुठीला टवका आहे. नंतर म्हणाल, बाईंनी फुटका माल दिला. मी लहान असताना तिच्यावर दगडानं बदाम फोडायला गेले होते. मूठ हाताच्या उंचीला येत होती ना, सोयीची. बदाम फुटला नाही, काचेचा टवका उडाला.”

“मार बसला असेल.”

“नाही. पपांनी कानस आणली आणि टवक्याची धार घासून मोडली. माझा हात कापू नये म्हणून.” त्यांनी अंगठा बोटावर घासला. “तेव्हाचे पपा तसे होते.”

बाकीच्या खोल्या उरकेपर्यंत ऊन चढलं. बागेकडचं दार पश्चिमेच्या व्हरांड्यात होतं आणि तो व्हरांडा बाहेरून पत्र्यांनी पार छतापर्यंत बंद केलेला. डॉक्टर वारल्यावर दवाखान्यानं तिथे अडगळ भरली, असं अंकुश म्हणाला. आत मोडक्या लोखंडी खाटा एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांच्यामागे कुठेतरी दार.

“खाटा काढाया टाइम लागंल बाई,” अंकुश म्हणाला. “गंजून एकमेकीत गुतल्यात. तुमी बसा सावलीला.”

आम्ही बागेच्या फाटकापाशी करंजाखाली बसलो. बाग कसली, गाजरगवत माजलं होतं. मी डबा उघडला. शालननं दोघांपुरत्या पोळ्या दिल्या होत्या. एस्तेरबाईंनी अर्धी पोळी घेतली, ती हातातच राहिली.

“इथूनच परत गेले मी,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बसस्टँडवरून येताना चुकल्या असतील कधी.

“या फाटकातून. कडेवर चिमी होती. माझी मुलगी.”

मग त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. एसटी डेपोत एक मेकॅनिक होता, हिंदू. त्याच्याशी त्यांनी लग्न करायचं ठरवलं. डॉक्टर रणभिसे चर्चमध्ये मानाचे, गावात मानाचे. त्यांनी एकदाच विचारलं, मुलगी एकदाच ‘हो’ म्हणाली. ती पेटी घेऊन बागेकडच्या दारानं बाहेर पडली. हे दार घरच्यांचं होतं. रोगी, पाहुणे, पाद्रीसाहेब, सगळे समोरून यायचे. इकडून फक्त ही दोघं जायची-यायची.

“ते दारापर्यंत आले. म्हणाले, ‘एस्तेर, हे दार तुला बंद झालं.’ आणि माझ्यासमोर दार ओढून घेतलं. आतून कडी घातली. तुम्हाला सांगते, खरवंडीकर, पुढे कितीतरी वर्षं कुठेही कडी वाजली की मी दचकायची.”

“रागाच्या भरात माणूस बोलतो.”

“ते रागाच्या भरात बोलणारे नव्हते. गावात विचारा. रणभिसे डॉक्टर एकदा बोलले की बोलले.”

मेकॅनिक नवरा चांगला निघाला, पण टिकला नाही. बसखाली काम करताना गेला. चिमी तेव्हा रांगत होती. पुढे ती तीन वर्षांची झाली आणि एका उन्हाळ्यात तिला घटसर्प झाला. घसा धरला. त्या वेळी एस्तेरबाई जवळच्याच एका खेड्यात सुईणीचं काम करत होत्या. घटसर्पाचं औषध या पंचक्रोशीत एकाच माणसाकडे होतं.

“दुपारी इथे पोचले. पपा दुपारी घरी असायचे. हे फाटक उघडं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले.” त्यांनी छत्रीच्या टोकानं जमिनीवर जागा दाखवली. “इथे. इथून दार दिसत नाही, ती पाण्याची टाकी आहे ना मधे, तिच्यापलीकडे गेलं की दिसतं. मी तेवढं गेले नाही.”

“का?”

“दार बंद होतं म्हणून.”

“पण दिसत नव्हतं ना...”

“मला माहीत होतं. त्यांनी बंद केलं होतं. मला वाटलं, दार ठोठावलं आणि ते चिमीकडे बघून नाही म्हणाले, तर? ते मला बघवलं नसतं. म्हणून मी वळले, आणि नगरची गाडी धरली. तिथल्या दवाखान्यात नेऊ म्हटलं. चिमी गाडीतच गेली. माझ्या मांडीवर. कंडक्टरला कळू दिलं नाही मी, नाहीतर उतरवलं असतं.”

करंजाची एक शेंग पडली. मी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

“देवाशी मी कधी भांडले नाही,” त्या म्हणाल्या. “चर्चला जाते, प्रार्थना करते. लोक म्हणतात एस्तेरबाईंनी सगळं सोसलं आणि सोडून दिलं. सोडलं काहीच नाही. सगळं त्या दारावर ठेवलं. माझी चिमी त्या दारानं घेतली. असं म्हटलं की मला उठून कामाला जाता यायचं. समजतंय का तुम्हाला?”

“समजतंय,” मी म्हणालो. तेव्हा पुरतं समजलं नव्हतं.

अंकुशनं हाक मारली.

पत्रे निघाले होते, खाटा अंगणात आल्या होत्या. कित्येक वर्षांनी त्या व्हरांड्यात उजेड शिरला होता. दार उघडंच होतं. हे दार बाहेरच्या अंगाला उघडायचं. पुरतं उघडून व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून ते उभं होतं आणि भिंतीतल्या आकड्यात अडकवलेलं होतं. गंजानं आकडा आणि दार एक झालं होतं.

“आता उघडं आहे,” एस्तेरबाई म्हणाल्या. “मोडक्या खाटांसाठी.”

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे झालो. मूठ धुळीनं माखलेली होती. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून मी एकदा पुसली, आणि माझा हात थांबला.

इतका गडद जांभळा रंग मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या सगळ्या संग्रहात नव्हता. पिकल्या जांभळाचा रंग. पहिल्यांदा मला नुसता आनंदच झाला. मग मी चिंधी खालच्या बाजूला फिरवली आणि बोटाला टवका लागला. गुळगुळीत, धार मोडलेला.

ही आतली मूठ होती.

मी दाराकडे पाहिलं. भिंतीला पाठ लावून उभं दार. आतली बाजू बाहेर, बागेकडे, पश्चिमेकडे वळलेली. दार बंद असतं तर ही मूठ खोलीच्या अंधारात राहिली असती. ती उन्हात होती. आणि इतका रंग चार-सहा उन्हाळ्यांत धरत नाही. पत्रे तर डॉक्टर गेल्यावर आले. म्हणजे त्याआधी, डॉक्टर होते तोवर, वर्षामागून वर्षं हे दार दिवसभर सताड उघडं होतं. नगरकडच्या उन्हात पश्चिमेचं दार दुपारी कोण उघडं ठेवतं? घरात भट्टी होते. लोक पडदे भिजवून लावतात, गोणपाट टांगतात. म्हातारा मात्र ते ऊन घरात घेत बसला होता.

स्क्रूवरचा जुना रंग खरवडून मी पटकन मूठ सोडवायला लागलो. एवढंच डोक्यात होतं की ती पिशवीत घालावी, दाराचं सरपण होऊ द्यावं आणि शेवटच्या गाडीनं बाईंना सोलापूरला लावून द्यावं. घाईत खाचेतून स्क्रू-ड्रायव्हर निसटला. परत लावला. मूठ हातात आली, आणि मी ती वर्तमानपत्रात गुंडाळू लागलो.

“बघू,” एस्तेरबाईंनी हात पुढे केला. “टवका आहे ना?”

“आहे आहे. किरकोळ आहे. चालेल मला.”

“बघू तर.”

नाही कसं म्हणणार? त्यांनी कागद उलगडला. अंगठा सवयीनं टवक्यावर गेला आणि तिथेच बसला. त्या हसल्यासुद्धा, अगदी थोडं. मग मूठ त्यांनी उजेडाकडे धरली.

मी अंकुशला म्हणालो, “चला, घ्या घण.” माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“थांबा,” एस्तेरबाई म्हणाल्या. “दुसरी काढा.”

“ती भिंतीकडे आहे बाई, दाराच्या मागे. हात पोचायचा नाही.”

“आकडा तोडा. दार पुढे घ्या. काढा.”

अंकुशनं पहार घालून आकडा उचकटला. दोघांनी मिळून दार भिंतीपासून हातभर सोडवलं. कुरकुरत आलं. मी त्या फटीत हात घालून दुसऱ्या टोकाची मूठ गजासकट ओढून काढली. पुसायची गरजही नव्हती. दोन फुंकरांत धूळ उडाली आणि काच नितळ दिसली. पुसटशी झाक सोडली तर कोरी.

त्यांनी दोन्ही मुठी दोन तळहातांवर घेतल्या.

“जांभळी आतली आहे,” त्या म्हणाल्या.

“असं बघा बाई, ते कसंय, काच काही सारखी नसते. कधीकधी सावलीतलीही रंग धरते. दमट हवेनं...”

“सकाळी तुम्ही असं नाही सांगितलंत.”

“किंवा कोणीतरी मुठी उलटसुलट बसवल्या असतील. रंगकाम करताना काढतात, मग लावताना...”

“स्क्रूवर जुना रंग होता. तुम्हीच आता खरवडलात. मी बघत होते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. “खोटं बोलू नका खरवंडीकर. तुम्हाला जमत नाही.”

मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला. एरवी मुठींबद्दल मला कोणी गप्प बसवू शकत नसे.

“किती वर्षं?”

“सांगता येत नाही.”

“येतं तुम्हाला.”

“बरीच,” मी म्हणालो. “बरीच वर्षं बाई.”

“चिमी होती तेव्हा?”

काचेवर तारीख नसते. पण एवढा गडद रंग शेवटच्या थोड्या वर्षांत आलेला नाही, हे मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांना दिसत होतं. मी मान खाली घातली. तेच उत्तर झालं.

त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. समोर पाण्याची टाकी, टाकीपलीकडे फाटक. त्या तेवढ्या जागेकडे बघत राहिल्या. फाटकापासून टाकीपर्यंत अंतर किती असेल? लहान पोरसुद्धा धावत जाईल इतकंच.

“पोस्टकार्ड का नाही टाकलं?” त्या एकदम म्हणाल्या. पहिल्यांदाच आवाज चढला. “आधी शेजारच्या खेड्यात, मग सोलापूरला होते मी. सगळ्यांना ठाऊक होतं कुठे आहे ते. दार उघडं ठेवायला जमलं, उन्हात भाजून घ्यायला जमलं, दोन ओळी लिहायला जमल्या नाहीत? बोलवायचं नाही आणि दार उघडं ठेवायचं! ही कुठली रीत? मला कसं कळावं? सांगा ना, मला कसं कळायचं होतं?”

“नाहीच कळणार बाई. कोणालाच कळलं नसतं.”

“टाकीपर्यंत गेले असते तर कळलं असतं.”

अंकुशची माणसं घण घेऊन उभी होती, आमच्याकडे बघत होती.

“तुमच्यावर काही दोष येत नाही,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. “शेवटी त्यांनी माफ केलं होतं, हे तर कळलं. तेवढं तरी...”

“मला ते नको होतं.” त्या मुठीकडे बघत म्हणाल्या. “इतकी वर्षं मी सकाळी उठले ती ते दार बंद होतं म्हणून. आता उद्या सकाळी काय म्हणून उठू?”

शालनला मी हे सांगितलं तेव्हा ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, “देवानं तरी असं दाखवू नये माणसाला.” पण दाखवलं होतं काचेनं, आणि ती कशी वाचायची ते त्याच दिवशी सकाळी मी बाईंना शिकवलं होतं.

एस्तेरबाई उठल्या. दोन्ही मुठी त्यांनी माझ्या हातात दिल्या, छत्री भिंतीला टेकवली आणि दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अंकुश, हे दार बंद करा.”

अंकुशला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “बंद? बाई, फोडायचंच हाये ना? मंग बंद कशाला करायचं?”

“मला एकदा बंद बघायचंय.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं आणि आणखी एकानं दाराला हात घातला आणि ओढलं. भिंतीपासून दार सुटलं, अर्ध्यापर्यंत आलं आणि अडलं. वर्षानुवर्षं एकाच जागी लटकून ते खाली उतरलं होतं. त्याचा खालचा कोपरा फरशीवर रुतला होता. बिजागऱ्या गंजून गेलेल्या. मी रॉकेलची बाटली उरली तेवढी त्यांवर ओतली. त्यांनी दार थोडं उचलून धरलं, परत ढकललं. फरशीवर पांढरा ओरखडा उमटला. दार चौकटीच्या जवळ गेलं. पण मिटेना. लाकूड फुगलं होतं, चौकटीत मावत नव्हतं. वीतभर फट राहिली, आणि त्या फटीतून खोलीतला कौलांचा चुरा आणि ऊन दिसत होतं.

“नाही व्हायाचं बाई,” अंकुश म्हणाला. “मिटायची सवयच ऱ्हायली नाही त्याला.”

“सरका,” एस्तेरबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही तळहात दारावर टेकले, एक पाऊल मागे घेतलं आणि जोर लावला. कॅनव्हासचे बूट फरशीवर घसरले. त्यांनी खांदा लावला. कपाळ लावलं. पांढऱ्या पातळावर गंजाचा आणि धुळीचा पट्टा उमटला. ती ताठ पाठ माझ्या डोळ्यांसमोर वाकत गेली.

“बाई, राहू द्या.”

“मीट ना,” त्या दाराला म्हणत होत्या, अगदी हळू, हट्टी पोराची समजूत काढावी तशा. “एकदा मीट. एकदाच मीट रे.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “खरवंडीकर, तुम्ही पण या. जोर लावा.”

मी मुठी खिशात टाकल्या, त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि दाराला खांदा लावला. आम्ही दोघांनी मिळून होता नव्हता तेवढा जोर लावला. खूप वेळ लावला. दार मिटलं नाही.